पांढरी चिठ्ठी, पूर्ण वजन

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, एक्स-रे खात्याच्या पुढे उजवीकडे वळलं की एक लांबट खोली होती. आत दोन लोखंडी खाटा. पायथ्याखाली लाकडी ठोकळे घालून ती बाजू वीतभर उचललेली, पायथ्याच्या गजाला एकेक कप्पी, कप्पीवरून खाली सोडलेली दोरी आणि भिंतीशी ओळीनं मांडलेल्या लोखंडी वजनांच्या चकत्या. कोपऱ्यातल्या खुर्चीच्या वर आणखी एक कप्पी टांगलेली होती, ती मान दुखणाऱ्यांसाठी. दारावर खात्याचं लांबलचक नाव रंगवलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळे म्हणत, दोरीच्या खोलीत जा. आणि तिथे एकोणतीस वर्षं लोकांच्या कमरेला पट्टे आवळणाऱ्या माणसाला सगळे दोरीवाले म्हणत.

दोरीवाले डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते, कागदोपत्री नुसते मदतनीस होते. पण हे त्यांना तोंडावर सांगायची कोणाची छाती झाली नसती, असा त्यांचा त्या खोलीतला रुबाब. माणूस दारातून आत आला की त्याच्या हातातला कागद घ्यायच्या आधी ते त्याची चाल बघत. "उजवा पाय ना? कळ पोटरीपर्यंतच जाते, की पार अंगठ्यापर्यंत?" आलेला माणूस चाट पडे आणि निम्मं दुखणं तिथंच विसरे. मग त्याला खाटेवर चढवायचं तंत्र. एक पट्टा छातीखाली, तो डोक्याकडच्या गजाला बांधायचा. दुसरा कमरेला, त्याची दोरी कप्पीवरून पलीकडे. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच ढिलाई. वजन एकेक चकती करून चढवायचं आणि उतरवायचं त्याहून सावकाश. दोन्हींच्या मध्ये वीस मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. घाईघाईनं वजन काढणाऱ्या एका शिकाऊ डॉक्टरला त्यांनी एकदा सगळ्यांदेखत असं फैलावर घेतलं होतं की तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

आणि लोक बरे होत. नाही कसं म्हणायचं? एका बस ड्रायव्हरला चौघांनी उचलून आणलं होतं, तो पाचव्या आठवड्यात स्वतःच्या पायांनी घरी गेला आणि पुढे कित्येक वर्षं इस्पितळावरून बस नेताना हॉर्न वाजवून सलाम ठोकत असे. एक शाळामास्तरीण नातू झाल्याचं सांगायला मुद्दाम आली होती. बरे झालेले लोक असे सांगायला येत. न झालेले कुठे जातात, हे दोरीवाल्यांनी कधी विचारलं नाही. तुम्ही-आम्ही तरी कुठे विचारतो?

एक न झालेली व्यक्ती मात्र त्यांना रोज दिसत होती, कारण ती त्यांच्या घरातच होती.

दोरीवाल्यांची बायको शिवणकाम करायची. दोन खोल्यांचं घर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी पायानं चालवायचं मशीन आणि दिवसभर त्याची घरघर. पडदे, शाळेचे गणवेश, जुन्या पँटला नवी चेन, जे येईल ते ती शिवायची आणि शिवता शिवता गिऱ्हाइकाची टर उडवायची. "मापं गेल्या वर्षीची देताय आणि पोट यंदाचं घेऊन आलाय," असं बिनदिक्कत म्हणायची आणि लोक हसून पुन्हा तिच्याकडेच यायचे. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी खाली पडलेला कापडाचा गठ्ठा उचलायला ती वाकली ती वाकलीच. कंबरेतून निघालेली कळ उजव्या अंगठ्यापर्यंत गेली. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसली आहे, दुखणं फार आहे, ऑपरेशन करून टाकू.

तेव्हा दोरीवाले मध्ये पडले. "साहेब, मला सहा आठवडे द्या. माझ्या खोलीतून अशा शेकडो बायका चालत गेल्यात."

मोठे डॉक्टर म्हणाले, "त्यांना विचारा, कंबर त्यांची आहे."

बायको खाटेवरून म्हणाली, "ह्यांना विचारा. मला ह्यातलं काय कळतंय?"

झालं. रोज वीस मिनिटं तिला वजन लागू लागलं. नवऱ्याच्याच हातून, इतर कोणाला मिळालं नसेल इतक्या काळजीनं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, माझी चप्पल पायात राहत नाही. चालताना गळून पडते." मोठ्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की पायातलं बळ कमी झालं तर त्याच दिवशी मला दाखवा. दोरीवाल्यांना ते आठवलं. पण मोठ्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे आपली खोली हरली, असंही त्यांना वाटलं. ते म्हणाले, "शीर मोकळी होताना असं होतं. वजन जरा वाढवू या." पाचव्या आठवड्यात तिला पायाचा चवडा वर उचलता येईना. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या तळव्याला हात लावला, दोरीवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार उशीर केलात." आता ऑपरेशननं दुखणं कदाचित कमी होईल, पण पायाचं काही खरं नाही. बायको म्हणाली, "मग कशाला उगाच पाठ कापून घ्यायची?"

तो पाय पुन्हा उचलला गेला नाही. गुडघा उंच घेऊन, चवडा जमिनीवर आपटत, काठी टेकत ती घरातल्या घरात चालू लागली. मशीन भाचीला देऊन टाकलं. कंबरेचं दुखणं होतं तिथंच होतं. दोरीवाल्यांनी घरच्या पलंगालाही कप्पी बसवली आणि रोज संध्याकाळी साडेसहाला बायकोला वजन लावायचं, हा अकरा वर्षांचा नेम झाला. "बरं वाटतंय का?" ते विचारत. "वाटतंय हो," ती म्हणे.

कोणी त्यांना दोष दिला नाही. मोठे डॉक्टर निवृत्त होऊन गेले. बायकोनं तर कधी चकार शब्द काढला नाही. पण माणसाला दोष द्यायला दुसरं कोणी लागतं असं थोडंच आहे? दोरीवाल्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असे. वजनानं खरोखर गुण येत असेल, तर त्या सहा आठवड्यांत त्यांनी जे केलं ते योग्यच केलं आणि पाय गेला तो नशिबानं. येत नसेल, तर तो पाय त्यांनी घालवला. एवढा सरळ मामला होता. म्हणून कोणी त्या खोलीची जराशी थट्टा केली तरी ते अंगावर धावून जात.

अशात खात्यात नव्या डॉक्टरबाई आल्या. वयानं लहान, चालणं भराभरा, बोलणं त्याहून भराभरा. सगळ्यांना काका, मावशी म्हणायच्या आणि मग काकाला नको तो प्रश्न विचारायच्या. पहिल्याच महिन्यात त्या दोरीच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या, मान वर करून कप्पी बघितली आणि म्हणाल्या, "काका, ह्यानं नक्की फरक पडतो का?"

"बाई, एकोणतीस वर्षं मी दुसरं काय बघतोय?"

"तुम्ही बघताय. पण कागदावर कुठेच नाही. मोजून बघू या?"

मोजायची त्यांची रीत अशी होती. पुढच्या अडीच महिन्यांत येणाऱ्या कंबरेच्या रुग्णांचे दोन गट करायचे. प्रत्येक रुग्णाबरोबर एक बंद पाकीट येईल. आत निळी चिठ्ठी निघाली तर दोरीवाल्यांनी नेहमीचं पूर्ण वजन लावायचं, पांढरी निघाली तर फक्त दोन किलो, म्हणजे नावापुरतं. खाटेच्या पायथ्याशी पडदा लावायचा, म्हणजे झोपलेल्याला किती वजन टांगलंय ते दिसणार नाही. रुग्णांना हे सगळं आधी सांगून त्यांची सही घ्यायची. आपल्याला कुठली चिठ्ठी आली एवढंच त्यांना कळणार नाही. सहा आठवड्यांनी दुसरेच डॉक्टर येऊन दुखणं किती राहिलं ते विचारणार. त्यांनाही चिठ्ठीचा रंग माहीत नसेल. रंग माहीत असणार फक्त दोरीवाल्यांना.

"दोन किलोनं काय होतंय?" दोरीवाले म्हणाले. "तेवढं तर माझ्या पिशवीत असतं."

"तेच तर बघायचंय. पूर्णवाले बरे झाले आणि दोनवाले नाही झाले, की तुमचं म्हणणं छापून येईल. मग कोणाची बिशाद आहे नाही म्हणायची?"

हे बाकी दोरीवाल्यांना लागू पडलं. छापून येईल! घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. चार महिन्यांनी ठरणार म्हणाले. ती शर्टाला बटण लावत होती. "काय ठरणार?" तिनं विचारलं. "हेच, वजनानं गुण येतो की नाही." तिनं सुई कापडात खोचून ठेवली आणि बराच वेळ पुन्हा उचलली नाही.

पहिले दोन आठवडे दोरीवाल्यांनी चिठ्ठीबरहुकूम काम केलं. निळीला पूर्ण, पांढरीला दोन किलो. पांढरी चिठ्ठी निघाली की त्यांचा चेहरा पडे. वीस मिनिटं तो माणूस बिचारा भरवशानं डोळे मिटून पडायचा आणि पडद्याआड दोन किलो लोंबकळत राहायचे. दोरीवाले खिडकीबाहेर बघत उभे राहत, त्याच्याकडे बघवत नसे.

तिसऱ्या आठवड्यात इस्त्रीवाली आली. रस्त्याच्या कोपऱ्यावर तिचं दुकान. दिवसाचे दहा तास उभं राहून इस्त्री करायची. भिंतीला धरत धरत ती आत आली आणि दोरीवाल्यांनी न विचारताच ओळखलं, उजवा पाय, पार अंगठ्यापर्यंत. खाटेवर चढताना ती ओठ दाबून रडली. म्हणाली, "दादा, काय वाट्टेल ते करा, पण मला उभं करा. मी उभी राहिले नाही तर दुकान बंद पडेल हो."

दोरीवाल्यांनी पाकीट फाडलं. पांढरी चिठ्ठी.

त्यांनी पट्टे आवळले, दोन बोटं घालून बघितली. दोन किलोची चकती हातात घेऊन ते पडद्याआड गेले आणि तिथंच उभे राहिले. डॉक्टरबाईंना शब्द दिला होता. पण पडद्याच्या पलीकडे ती बाई हुंदके आवरत पडली होती आणि वजनांची रांग हाताशी होती. शेवटी त्यांनी दोन किलो बाजूला ठेवले आणि एकेक चकती करत तिला पूर्ण वजन लावलं. रजिस्टरमध्ये मात्र चिठ्ठीप्रमाणे दोन लिहिलं.

एकदा बांध फुटल्यावर काय? एकीला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हे कुठल्या तोंडानं करायचं? त्या दिवसापासून पांढऱ्या चिठ्ठीवाल्या प्रत्येकाला पूर्ण वजन लागू लागलं. रजिस्टरमध्ये दोन, दोरीला पूर्ण. दोरीवाल्यांना कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. इस्त्रीवाली पाचव्या आठवड्यात ताठ चालायला लागली आणि सहाव्या आठवड्यात त्यांना नमस्कार करायला आली, तेव्हा तर त्यांना अगदी भरून आलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "बघ, दोन किलोवर ठेवली असती तर लोळत पडली असती ती."

आता ह्यातली गोम तुमच्या लक्षात आलीच असेल. दोन्ही रंगांना सारखंच वजन लावल्यावर फरक दिसणार तरी कशात? ज्या कागदाची दोरीवाले डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होते, त्यालाच ते स्वतःच्या हातानं रोज सुरुंग लावत होते. आणि एवढी साधी गोष्ट चार महिन्यांत त्यांच्या डोक्यात शिरली नाही. मूर्ख म्हणा हवं तर. पण खाटेवर माणूस विव्हळत असताना कागदाचा विचार ज्यांना सुचतो ती जात वेगळी, आणि दोरीवाले त्या जातीतले नव्हते.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. दुपारची वेळ होती, बाहेरच्या बाकांवरची गर्दी ओसरली होती. टेबलावर कागद पसरलेले. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, आणि बसायला सांगितलं म्हणजे काहीतरी वाईट आहे हे त्यांनी तिथंच ताडलं.

"काका, काडीचाही फरक नाही. निळ्यातले दहात सहा सुधारले, पांढऱ्यातले दहात सहा. दोन किलो काय आणि पूर्ण काय, सगळं एकच."

दोरीवाल्यांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि कळल्याबरोबर ते खुर्चीवरून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, आनंद होता.

"बाई, फरक दिसेल कसा? पांढऱ्यांनाही मी पूर्णच वजन लावलंय! पहिले दोन आठवडे सोडले तर एकालाही दोन किलोवर ठेवलं नाही. रजिस्टरात खोटं लिहिलं. माझी चूक झाली, मला काय शिक्षा करायची ती करा. पण वजनाला नावं ठेवू नका. सगळ्यांना पूर्ण वजन होतं म्हणून तर दहात सहा बरे झाले!"

डॉक्टरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चार महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं आणि ज्यानं ते बुडवलं तो माणूस समोर उभा राहून डोळे पुसत हसत होता.

"काका, मी तुमच्यावर विश्वास टाकला होता."

"हो बाई."

"हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा ना. पण पुन्हा करू या. आता मी शब्द मोडणार नाही. दोन म्हणजे दोन."

बाई रागावल्या होत्या आणि त्यांना रागावायचा हक्कही होता. पण एवढ्या आशेनं बघणाऱ्या माणसावर नीट रागावताही येत नाही. त्यांनी टेबलावरच्या ढिगाखालून आणखी एक कागद ओढला आणि थोडा वेळ तो स्वतःपाशीच धरून ठेवला.

"आपल्याकडे खाटा दोनच. त्यामुळे कितीतरी लोकांना नंबर लागायला सहा-सहा आठवडे थांबावं लागलं. त्यांना कुठलंच वजन लागलं नाही. निळं नाही, पांढरं नाही, काहीच नाही. ते घरीच होते, आपापल्या कामाला लागले, दुखलं तर साधी गोळी घेत होते. नंबर आल्यावर मी त्यांनाही तेच प्रश्न विचारून ठेवले होते. सहज म्हणून."

"मग?"

"दहात सहा, काका."

दोरीवाले बसले.

"हा काही पक्का पुरावा नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि त्या दिवशी तेच दोरीवाल्यांना नडलं. "चिठ्ठ्या टाकून निवडलेले लोक नव्हेत ते. पण कंबरेचं बरंचसं दुखणं सहा आठवड्यांत आपोआप उतरतं, हे मी तुम्हाला आधीही सांगितलं होतं. जे बरे व्हायचे ते होतात. वजनावर असतील तर वजनानं बरे झालो म्हणतात. घरी असतील तर काहीच म्हणत नाहीत."

इस्त्रीवाली, बस ड्रायव्हर, नातू झालेली मास्तरीण. एकोणतीस वर्षांचे नमस्कार दोरीवाल्यांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यातले किती आपले होते आणि किती आपोआप आले होते? आपण फसवलं तेही उगाच आणि न फसवता तरी तेच झालं असतं. निदान आपल्या चुकीनं घोटाळा झाला, एवढं तरी त्यांना धरून ठेवायला हवं होतं. तेही बाईंनी काढून घेतलं.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. अकरा वर्षांत त्यांनी तो स्वतःलाही पुरता विचारला नव्हता. बायकोचं नाव न घेता, "आमच्या ओळखीतल्या एक बाई" असं म्हणून, त्यांनी सगळं सांगितलं. कळ अंगठ्यापर्यंत. मोठे डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले. सहा आठवडे मागून घेतले. तिसऱ्या आठवड्यात चप्पल गळायला लागली. वजन वाढवलं.

"चप्पल गळायला लागली तेव्हा कोणाला दाखवलं नाही?"

"नाही."

"दाखवायला हवं होतं. दुखण्याला थांबता येतं, पण बळ जायला लागलं की थांबायचं नसतं. शीर मरते."

"तेव्हाच ऑपरेशन झालं असतं तर पाय राहिला असता का?"

बाईंना तोवर कळलं होतं की ओळखीतल्या बाई कोण. "छातीठोक कोणीच सांगू शकणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "पण बहुतेक राहिला असता."

पुढचं सगळं त्याच दुपारी वरच्या साहेबांसमोर सरकारी शिस्तीनं झालं. दोरीवाल्यांची बदली चादरी आणि टॉवेल ठेवायच्या कोठीत, खोलीचं काय करायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल, बहुधा व्यायाम शिकवायची खोली होईल. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती म्हणून कामावरून काढलं नाही इतकंच. दोरीवाल्यांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. त्यातलं काहीच त्यांना लागलं नाही. लागायचं ते आधीच लागून गेलं होतं.

ते घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. बायको खिडकीपाशी बसून कोणाच्या तरी कोटाचं अस्तर हातानं टाचत होती. आज निकाल आहे हे तिला ठाऊक होतं. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाणी प्यायले. तिनं तेवढा वेळ जाऊ दिला.

"काय म्हणाल्या बाई?"

"खोली बंद होणार."

"म्हणजे गुण येत नाही?"

"नाही. कोणालाच नाही. जे बरे झाले ते असेही बरे झाले असते म्हणाल्या."

तिनं दातानं दोरा तोडला. सुई अस्तरात खोचली. मग पलंगाच्या पायथ्याकडे बघत म्हणाली, "मला तर कधीच वाटलं नाही हो बरं. तुम्ही इतक्या आशेनं विचारायचात, म्हणून म्हणायची वाटतंय."

दोरीवाल्यांनीही पलंगाच्या पायथ्याकडे पाहिलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागावू नका."

"विचार."

"तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर राहिला असता का हो माझा पाय?"

रस्त्यावरून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोरीवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती, आणि गिऱ्हाइकांची टर उडवणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती भीती होती. खरं सांगायचं असं ते घरी येईपर्यंत घोकत आले होते. वाटेत दोनदा थांबून वाक्यही जुळवलं होतं.

"नसता राहिला," ते म्हणाले. "मीही विचारलं बाईंना. शीर आधीच मेली होती म्हणाल्या. ऑपरेशन केलं असतं तरी तो जायचाच होता."

"खरंच असं म्हणाल्या?"

"अगदी असंच."

तिनं डोळे मिटले. अकरा वर्षं आत कोंडून ठेवलेला श्वास सुटावा तसा तिनं तो सोडला, आणि मग ती रडायला लागली. दोरीवाले घाबरून जवळ जाऊन बसले. रडता रडताच तिनं त्यांचा हात धरला.

"मला वाटायचं तुमच्यामुळे गेला," ती म्हणाली. "रोज वाटायचं. तुम्ही पट्टा बांधायचात आणि मी मनातल्या मनात तुम्हाला वाट्टेल ते बोलायची. एकदा तर मनात आलं, ह्यांचाही जाऊ दे एक पाय, म्हणजे कळेल. असं मनात यायचं हो माझ्या. आणि तुमचा काही दोषच नव्हता. मला माफ करा."

"अगं, त्यात माफ काय करायचं?"

"तसं नाही. अकरा वर्षं मी तुमच्याशी आतून वाईट वागले. मला बरं वाटायचं नाही त्याशिवाय. तोंडानं म्हणा."

हात सोडवून घेऊन उठावं, असं दोरीवाल्यांना वाटलं. पण तिनं तो घट्ट धरला होता आणि ती वाट बघत होती.

"केलं माफ," दोरीवाले म्हणाले.